प्लास्टिकच्या दाण्यात आणखी काय काय मिसळतात आणि कशासाठी?

नागपुरात गच्चीवर ठेवलेली प्लास्टिकची खुर्ची किती उन्हाळे काढते? माझ्या एका खुर्चीने दोनच काढले. तिसऱ्या मे महिन्यात तिच्या पाठीवर हात फिरवला तर पांढरट भुकटी हाताला लागली आणि पुढच्याच आठवड्यात बसल्याबसल्या तिचा मागचा पाय तुटला. त्याच गच्चीवर, तेच ऊन खात काळी पाण्याची टाकी मात्र कितीतरी वर्षे उभी आहे. खुर्ची पॉलिप्रोपिलीनची, टाकी पॉलिएथिलीनची. दोन्ही प्लास्टिके एकाच घराण्यातली, दोन्ही खनिज तेल किंवा नैसर्गिक वायूपासून बनणारी. मग आयुष्यात एवढा फरक का? काही अंशी तो मूळ प्लास्टिकचा आहे. बराचसा मात्र प्लास्टिकमध्ये मिसळलेल्या, किंवा पैसे वाचवण्यासाठी न मिसळलेल्या, दोन-तीन टक्के पदार्थांचा आहे.

या पदार्थांना उद्योगात 'ॲडिटिव्ह' म्हणतात. मराठीत 'पूरके' म्हणता येईल. प्लास्टिक म्हणजे पॉलिमर, आणि पॉलिमर म्हणजे हजारो छोटे रेणू एकापुढे एक जोडून झालेली लांबलचक साखळी. पाठ्यपुस्तकात याला बहुवारिक असा शब्द आहे. पण कारखान्यातून बाहेर आलेला निव्वळ पॉलिमर जसाच्या तसा जवळजवळ कधीच वापरला जात नाही. बादली, पाइप, वायरचे आवरण, ट्रॅक्टरचा डॅशबोर्ड, दुधाची पिशवी या सगळ्यांत पॉलिमर अधिक आणखी काहीतरी असते.

कापरापासून सुरुवात

ही गोष्ट प्लास्टिकइतकीच जुनी आहे. १८७० च्या सुमारास अमेरिकेत जॉन वेस्ली हयात याने सेल्युलॉइड बाजारात आणले. कापसापासून बनणारे नायट्रोसेल्युलोज एकटे घेतले तर ठिसूळ आणि साचात घालायला अवघड. हयातने त्यात कापूर मिसळला, तोच आपल्या देवघरातला. कापराचे छोटे रेणू लांब साखळ्यांच्या मध्ये शिरले, साखळ्या एकमेकींवरून सरकू लागल्या आणि पदार्थ तापवून वळवता येऊ लागला. अशा पदार्थाला आज 'प्लास्टिसायझर' म्हणतात. पुढे बेकेलाइट आले. ते एकटे काचेसारखे तडकायचे, म्हणून त्यात लाकडाचा भुसा घातला गेला. जुन्या काळ्या स्विचांमध्ये आणि टेलिफोनमध्ये तो असायचा. १९२६ मध्ये वाल्डो सेमन या रसायनशास्त्रज्ञाने पीव्हीसी मऊ करण्याची रीत काढली. रेनकोट, रेक्झिन आणि वायरची आवरणे त्यातूनच आली.

रेक्झिनच्या जुन्या सोफ्याला दहा-पंधरा वर्षांत भेगा पडतात. त्याचे कारण हेच की हे छोटे रेणू साखळ्यांना रासायनिकरीत्या बांधलेले नसतात. ते हळूहळू पृष्ठभागावर येतात, उडून जातात किंवा तेलात उतरतात. मऊ पीव्हीसीच्या डब्यात लोणचे ठेवू नये, यामागचे कारणही तेच.

ऊन आणि साखळीची तूट

नागपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नवे नाही. ४७ च्या पुढेही तो गेलेला आहे. गच्चीवरचा गडद रंगाचा पृष्ठभाग हवेपेक्षाही बराच जास्त तापतो. तापमान दहा अंशांनी वाढले की अनेक रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ हिशेब रसायनशास्त्रात वापरतात. पण खुर्चीचा खरा शत्रू नुसती उष्णता नाही, उन्हातले अतिनील किरण आहेत.

अतिनील किरणांत साखळीतले बंध तोडण्याइतकी ऊर्जा असते. बंध तुटला की त्या जागी एक अतिशय चंचल टोक तयार होते. ते हवेतला ऑक्सिजन पकडते, शेजारच्या साखळीतून हायड्रोजन खेचते आणि तिथे नवे चंचल टोक तयार करते. एका ठिणगीवरून गवत पेटत जावे तशी ही क्रिया पसरते. पॉलिप्रोपिलीनच्या साखळीत दर दुसऱ्या कार्बनवर असा एक हायड्रोजन असतो की जो सहज निघून येतो. म्हणून पॉलिप्रोपिलीन हे पॉलिएथिलीनपेक्षा उन्हात लवकर हार मानते. साखळ्या आखूड होतात, पृष्ठभागावर बारीक तडे जातात, भुकटी सुटते. माझ्या हाताला लागलेली तीच.

यावर तीन वेगवेगळ्या वाटांनी इलाज होतो. पहिली वाट म्हणजे किरणच अडवायचे. त्यासाठी सर्वांत स्वस्त आणि आजही सर्वांत भरवशाचा पदार्थ म्हणजे कार्बन ब्लॅक, एका प्रकारची अतिशय बारीक काजळी. ती अतिनील किरण शोषते आणि त्यांची ऊर्जा उष्णतेत बदलते. पाणीपुरवठ्याच्या काळ्या एचडीपीई पाइपसाठी भारतीय मानक आयएस ४९८४ मध्ये कार्बन ब्लॅकचे प्रमाण २.५ टक्के, अर्धा टक्का कमी-जास्त, असे ठरवलेले आहे. काटोल-नरखेडच्या संत्राबागांतून उन्हात पडलेल्या ठिबकच्या नळ्या काळ्या असतात, त्या याच कारणाने. पण नुसते प्रमाण पुरेसे नाही. काजळीच्या गुठळ्या राहिल्या तर मधल्या जागा उघड्या पडतात आणि गुठळीपाशीच तडा सुरू होतो. म्हणून पाइपचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरून काजळी सारखी पसरली आहे का, हे वेगळे तपासावे लागते.

रंगीत किंवा पांढऱ्या वस्तूला काजळी चालत नाही. तिथे अतिनील किरण शोषणारी सेंद्रिय रसायने वापरतात किंवा 'हाल्स' नावाच्या गटातली. हाल्स किरण अडवत नाही. ते चंचल टोकांना पकडून शांत करते आणि स्वतः पुन्हा मूळ रूपात येऊन पुढच्या टोकासाठी मोकळे होते. म्हणून अर्ध्या टक्क्याहूनही कमी मात्रेत ते वर्षानुवर्षे काम करते. त्याची एक दुखरी नस मात्र शेतकऱ्यांनी ओळखून ठेवावी. शेडनेट किंवा पॉलिहाउसमध्ये गंधकाची धुरी किंवा फवारणी वारंवार झाली, तर तयार होणारी आम्लधर्मी संयुगे हाल्सला निकामी करतात आणि चांगला कागदही वेळेआधी फाटतो. अशा वापरासाठी वेगळ्या घडणीचे हाल्स मिळते. कागद घेताना ते विचारून घ्यावे.

तिसरी वाट अँटिऑक्सिडंटची. ती उन्हापेक्षा यंत्रातल्या उष्णतेसाठी जास्त लागते, कारण वितळवताना पॉलिमरला दोनशे अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापमान सोसावे लागते. मात्रा असते एक-दोन दशांश टक्के. इतकी कमी मात्रा वगळली तर पहिल्या दिवशी वस्तूत काहीच फरक दिसत नाही. कसर करणाऱ्याचे फावते ते इथेच.

पीव्हीसीचा पाइप आणि शिसे

पीव्हीसीची तऱ्हा वेगळी. त्याला वितळवायला जे तापमान लागते त्याच तापमानाला ते बिघडूही लागते. साखळीतून हायड्रोजन क्लोराइड हा आम्लवायू सुटतो आणि सुटलेले आम्ल पुढची सुटका आणखी वेगाने करते. माल आधी पिवळा, मग तपकिरी, मग काळा पडतो. म्हणजे स्थिरक, ज्याला उद्योगात 'स्टॅबिलायझर' म्हणतात, तो नसेल तर पीव्हीसीचा पाइप बनूच शकत नाही.

अनेक दशके हे काम शिशाच्या क्षारांनी केले. स्वस्त, दमदार, सवयीचे. पण पाइपमधून पिण्याचे पाणी जाते आणि पाइपच्या आतल्या पृष्ठभागावरून शिसे, विशेषतः नव्या पाइपमधून, पाण्यात उतरू शकते. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो आणि त्याची कुठलीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले आणि २०२१ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पीव्हीसी पाइप आणि जोडण्यांमधील शिशाच्या स्थिरकांविषयी नियम काढले. पर्याय आहेत: कॅल्शियम-झिंक आणि कथिलाची संयुगे. ते थोडे महाग पडतात आणि त्यांच्यासाठी यंत्राचे तापमान व मिसळण्याची पद्धत नव्याने बसवावी लागते. मोठ्या कारखान्यांना ते जमते. खुल्या बाजारातल्या बिनशिक्क्याच्या पाइपबद्दल मात्र मी कुणालाही हमी देणार नाही. घर बांधताना पाण्याच्या पाइपवर आयएसआय शिक्का आणि 'लेड फ्री' अशी छपाई पाहून घ्यावी, आणि नवी लाइन टाकल्यावर सुरुवातीचे पाणी पिण्याला न घेता वाहू द्यावे.

फिलरचा हिशेब

हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत मोल्डिंगच्या छोट्या कारखान्यात गेलात तर 'फिलर' हा शब्द दहा मिनिटांत कानावर पडतो. फिलर म्हणजे खनिजाची बारीक पूड: खडूची पूड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, शंखजिऱ्यातले टाल्क, किंवा काचेचे तंतू. ही पूड थेट घालत नाहीत. ती थोड्या प्लास्टिकमध्ये घट्ट मळून तिचे दाणे केलेले असतात. त्यांना मास्टरबॅच म्हणतात. मोल्डिंगवाला आपल्या मूळ दाण्यात ठरावीक टक्के मास्टरबॅच मिसळून यंत्राच्या हॉपरमध्ये ओततो. रंगही असाच येतो.

फिलर म्हणजे भेसळ, असा समज आहे. तो अर्धाच खरा. टाल्कमुळे पॉलिप्रोपिलीन ताठ होते, तापल्यावर वाकत नाही आणि साच्यातून निघाल्यावर कमी आक्रसते. गाडीच्या आतले पुष्कळ भाग त्याशिवाय होऊच शकत नाहीत. नायलॉनमध्ये ३० टक्के काचतंतू घातले की ते इंजिनाजवळच्या भागांना पुरते. पण ताठपणा वाढला की बहुधा चिवटपणा घटतो. खुर्चीचा पाय ताठ हवा, तसा धक्का सोसणाराही हवा. खडू किती घालायचा याची मर्यादा तिथे येते.

आणि पैशाचा हिशेब? इथे अनेक जण फसतात. खडू वजनाला स्वस्त असतो, पण वस्तू विकली जाते नगावर, म्हणजे आकारमानावर. पॉलिप्रोपिलीनची घनता साधारण ०.९, खडूची २.७. वजनाने २० टक्के खडू घातला तर मिश्रणाची घनता सुमारे १.०४ होते. म्हणजे तीच खुर्ची, त्याच साच्यातून, १५ टक्के जड निघते. दर खुर्चीमागे प्लास्टिक वाचते ते २० टक्के नव्हे, जेमतेम ८ टक्के. त्यात मास्टरबॅचचा दर आणि वाहतूक धरली तर उरणारी बचत कधीकधी हास्यास्पद असते. फायदा होतो तो माल किलोवर विकणाऱ्याचा.

याच घनतेवर घरी करता येणारी एक चाचणी आहे. तुटलेल्या खुर्चीचा किंवा बादलीचा तुकडा पाण्यात टाका. पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रोपिलीन पाण्यावर तरंगतात. वजनाने साधारण १४ टक्क्यांहून जास्त खडू असला की पॉलिप्रोपिलीन बुडते. अर्थात वस्तू मुळात पीव्हीसी किंवा पॉलिस्टायरीनची असेल तर ती तशीही बुडणारच. तेव्हा आधी तळाशी छापलेला त्रिकोणातला आकडा पाहा. पॉलिप्रोपिलीनसाठी तो ५ असतो.

खनिजाला पाण्याची ओढ, प्लास्टिकला तेलाची. दोघांचे नीट जमावे म्हणून खडूच्या कणांवर स्टिअरिक आम्लाचा पातळ लेप देतात आणि काचेवर सिलेन नावाच्या रसायनाचा. लेप नसेल तर कण प्लास्टिकला धरत नाहीत, नुसते त्यात अडकून बसतात.

कोराडीची राख

फिलरचा विषय निघाला की नागपुरात राखेचा विषय टळत नाही. कोराडी आणि खापरखेडा ही औष्णिक वीज केंद्रे शहराला लागून आहेत आणि कोळशाच्या राखेचे काय करायचे हा तिथला जुना प्रश्न आहे. जुलै २०२२ मध्ये मुसळधार पावसात कोराडीजवळच्या खसाळा येथील राखेच्या तळ्याचा बांध फुटला आणि राखेचे पाणी आसपासच्या शेतांत व ओढ्यांत शिरले.

या राखेतले फ्लाय ॲशचे कण सूक्ष्मदर्शकाखाली चक्क गोल गोळ्यांसारखे दिसतात, कारण भट्टीत वितळून ते हवेतच थिजलेले असतात. गोल कण वितळलेल्या प्लास्टिकमध्ये सहज वाहतात. खडूच्या कोनदार कणांपेक्षा हा त्यांचा फायदा. काही गोळ्या तर आतून पोकळ असतात, त्यांना सेनोस्फिअर म्हणतात. त्या राखेच्या तळ्यावर तरंगतात, आणि त्या घातल्या की वस्तू जड होण्याऐवजी हलकी होते. राख प्लास्टिकमध्ये वापरण्यावर जगभर आणि भारतात भरपूर संशोधन झाले आहे.

मग सगळी राख प्लास्टिकमध्ये का जात नाही? एक म्हणजे रंग. करडी राख घालून पांढरी किंवा पिवळी बादली होत नाही. काळे पाइप, पॅलेट, फरशीचे ठोकळे एवढ्यापुरतीच ती उरते. दुसरे, कोळसा बदलला की राख बदलते आणि तिच्यात जड धातूंचे अंश असू शकतात, म्हणून अन्नाच्या डब्यांना ती नको. तिसरे म्हणजे आकारमान. वीज केंद्रातून निघणाऱ्या राखेपुढे प्लास्टिक उद्योगाची भूक फारच लहान आहे. राखेचा मोठा वाटा सिमेंट, विटा आणि रस्त्यांतच जाणार. प्लास्टिकने राखेचा प्रश्न सुटेल असे कुणी सांगत असेल तर त्याने वजने मांडून दाखवावीत.

दोन प्लास्टिके एकत्र का नांदत नाहीत?

आता ब्लेंडकडे, म्हणजे दोन पॉलिमरांच्या मिश्रणाकडे येऊ. कल्पना सोपी वाटते: एक प्लास्टिक ताठ, दुसरे चिवट, दोन्ही वितळवून घोटली की दोन्ही गुण मिळतील. प्रत्यक्षात बहुतेक जोड्या तेल-पाण्यासारख्या वेगळ्या होतात.

कारण साखळीच्या लांबीत आहे. साखर पाण्यात विरघळते तेव्हा तिचे लाखो मोकळे रेणू इतस्ततः पसरतात, आणि या पसरण्याकडे निसर्गाचा ओढा असतो. पॉलिमरचे दुवे मात्र एकमेकांना बांधलेले. वारीत मोकळी माणसे गर्दीत कुठेही मिसळतात, पण दोन दिंड्या शेजारून गेल्या तरी दिंड्याच राहतात. पसरण्याचा फायदा इतका कमी उरला की दोन पॉलिमरांमधली किरकोळ नावडही त्यांना वेगळे ठेवायला पुरते.

नावड-आवड म्हणजे काय ते बघायला नागपुरी संत्रे हाताशी आहेच. संत्र्याच्या सालीचा ताजा रस थर्माकोलच्या तुकड्यावर पिळा. तो तिथे आक्रसून विरघळतो. सालीतल्या तेलात लिमोनीन असते आणि त्याची घडण पॉलिस्टायरीनला जवळची. तेच तेल पॉलिप्रोपिलीनच्या डब्याला असे विरघळवत नाही.

पूर्णपणे एकजीव होणाऱ्या जोड्या मोजक्याच. पॉलिफेनिलीन ऑक्साइड आणि पॉलिस्टायरीन ही त्यातली प्रसिद्ध, १९६० च्या दशकात बाजारात आलेली. बाकीच्यांना मध्यस्थ लागतो. आपण ताकाची कढी फुटू नये म्हणून बेसन लावतो. हुबेहूब तसे नाही, पण हेतू तोच. या मध्यस्थाला 'कॉम्पॅटिबिलायझर' म्हणतात. उदाहरणार्थ पॉलिप्रोपिलीन आणि नायलॉन. पॉलिप्रोपिलीनच्या काही साखळ्यांवर मॅलेइक अनहायड्राइड नावाचा गट आधीच चिकटवून घेतात. वितळलेल्या अवस्थेत नायलॉनचे टोक या गटाशी रासायनिक बंध करते. तयार झालेली साखळी अर्धी या घरची, अर्धी त्या घरची. ती दोघांच्या सीमेवर बसते आणि थेंब एकमेकांत मिसळून मोठे होण्यापासून रोखते. हाच पदार्थ काचतंतू आणि पॉलिप्रोपिलीन यांची पकड वाढवायलाही चालतो.

वेगळे राहणे नेहमी वाईटच असते असेही नाही. पॉलिस्टायरीन एकटे कडकन मोडते. त्यात रबराचे मायक्रॉनच्या आसपासचे कण नीट पसरून ठेवले की तडा त्या कणांपाशी थबकतो, त्याची ऊर्जा विखुरते. फ्रिजचे आतले अस्तर असे असते. गाडीच्या बंपरमध्ये पॉलिप्रोपिलीनबरोबर रबरी पॉलिमर असतो, तोही याचसाठी, कारण पॉलिप्रोपिलीन शून्य अंशाच्या आसपास ठिसूळ होते. चार्जर आणि लॅपटॉपची खोकी पॉलिकार्बोनेट आणि एबीएस यांच्या जोडीची असतात. इथे कण किती बारीक, किती सारखे पसरले, यावर सगळे अवलंबून असते. म्हणून असे मिश्रण हॉपरमध्ये दोन दाणे एकत्र ओतून होत नाही. त्यासाठी दोन स्क्रू शेजारी-शेजारी फिरणारे एक्स्ट्रूडर लागते, जे वितळलेला माल अक्षरशः मळून काढते.

बुटीबोरीचा धागा आणि टायर

पूरके फक्त मजबुतीसाठी नसतात. बुटीबोरीला इंडो रामा सिंथेटिक्सचा पॉलिस्टरचा मोठा कारखाना आहे. निव्वळ पॉलिस्टर धागा चकचकीत, काचेसारखा दिसतो. कापसासारखी मंद छटा यावी म्हणून पॉलिस्टर उद्योगात धाग्यात टायटॅनियम डायऑक्साइड घालतात: 'सेमी डल' धाग्याला साधारण ०.३ टक्के, 'फुल डल'ला दोन टक्क्यांच्या आसपास. त्याचाही जो मऊ प्रकार आहे, अनाटेस, तोच वापरतात, नाहीतर पळता धागा यंत्राचे मार्गदर्शक झिजवून टाकतो. बुटीबोरीतच सीएटचा टायर कारखाना आहे. टायरमधली काजळी रंगासाठी आहे असे अनेकांना वाटते. तिच्याशिवाय रबर रस्त्यावर काही हजार किलोमीटरही टिकणार नाही; टायरच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा तिचा असतो.

पुन्हा वितळवताना

इतके काही मिसळल्याचा हिशेब शेवटी भंगारात चुकता होतो. पुनर्वापराच्या दाण्यात आधीच्या प्रत्येक वस्तूची पूरके येऊन बसलेली असतात. कुणाची खडूची, कुणाची रंगाची, जुन्या पीव्हीसीच्या तुकड्यातली शिशाची. अँटिऑक्सिडंट मात्र पहिल्या फेरीत बरेचसे खर्च झालेले असते. म्हणून चांगला पुनर्वापर करणारा दाणा करताना ते नव्याने घालतो, आणि पॉलिएथिलीन-पॉलिप्रोपिलीनची भेळ असेल तर मध्यस्थही घालतो. काळ्या प्लास्टिकची अडचण आणखी वेगळी. मोठ्या वर्गीकरण केंद्रांत अवरक्त किरणांनी प्लास्टिकचा प्रकार ओळखतात. काजळी ते किरणही गिळते आणि यंत्राला वस्तू दिसतच नाही. उन्हापासून टाकीला वाचवणारा पदार्थ तिच्या पुनर्वापराच्या वाटेत असा आडवा येतो. भंगारवाल्याची नजर इथे यंत्रापेक्षा सरस ठरते.

'लवकर विघटित होणारी पिशवी' म्हणून मध्यंतरी जो माल खपला, त्यातही एक पूरकच होते: लोह, मँगनीज किंवा कोबाल्टचे क्षार, जे ऑक्सिडेशनचा वेग उलट वाढवतात. पिशवीचे तुकडे होतात खरे, पण ते सूक्ष्म प्लास्टिक बनून मातीत राहतात. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशानुसार असा माल बाजारातून बंद केला. असा दाणा पाइपच्या पुनर्वापरात मिसळला गेला तर पाइपही आतून कुरतडला जातो.

छोट्या कारखानदाराला यातले काय तपासता येईल? वितळलेला माल ठरावीक दाबाखाली दहा मिनिटांत किती ग्रॅम वाहतो, ही एमएफआय चाचणी स्वस्त आहे आणि दाणा किती थकला आहे ते बऱ्यापैकी सांगते. तुकडा जाळून उरलेली राख तोलली की फिलर कळतो. फक्त खडू असेल तर भट्टी फार तापवू नये, नाहीतर तो चुन्यात बदलून वजन घटते. धक्क्याची चाचणी आणि कृत्रिम उन्हातली चाचणी यांसाठी प्रयोगशाळा गाठावी लागते. विदर्भात या विषयाचे शिक्षण जुने आहे. नागपूरची लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९४२ मध्ये रावबहाद्दूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून उभी राहिली आणि २०२३ पासून ती स्वतंत्र विद्यापीठ आहे. प्लास्टिकच्या चाचण्या आणि प्रशिक्षणासाठी सिपेट ही केंद्र सरकारची संस्था असून तिचे एक केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे.

माझ्या खुर्चीचा तुटलेला पाय मी बादलीत टाकून पाहिला. तो बुडाला.